कापराची काजळी आणि लोखंडाचा थेंब

आरती झाली की कापराचं तबक घासायचं काम माझ्याकडे असायचं. अँटॉप हिलच्या सीजीएस कॉलनीतलं आमचं सरकारी क्वार्टर. गणपतीत एकाच मजल्यावर चार घरांच्या आरत्या व्हायच्या, म्हणजे चार तबकं. आजी म्हणायची, "कापूर कसा, जळतो आणि मागे काही ठेवत नाही." राख उरत नाही हे खरं. पण तबकाच्या मधोमध पडलेला काळा डाग चिंच लावून किती घासावा लागतो, हे आजीला कधी कळलं नाही. घासणारा मी होतो.

तो डाग कार्बनचा. पुढे नोकरीची बरीच वर्षं एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून गेली. तिथे ह्याच कापरातल्या कार्बनच्या नळ्या सिलिकॉनच्या चकतीवर उगवताना पाहिल्या. 'उगवताना' हा शब्द मी मुद्दाम वापरतो. प्रयोगशाळेतही सगळे 'ग्रोथ'च म्हणतात, कारण ह्या नळ्या कुणी वळत नाही, कातत नाही, साच्यात ओतत नाही. जमीन तयार करायची, बी पेरायचं, ऊब आणि खाद्य द्यायचं आणि थांबायचं.

नळी म्हणजे काय ते आधी. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट म्हणजे कार्बनच्या पातळ जाळ्यांची चळत. प्रत्येक जाळी एका अणूच्या जाडीची, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षटकोनांची. तशी एक जाळी गुंडाळून तिच्या कडा बेमालूम जोडल्या, तर एकपदरी नॅनोनळी होते. तिचा व्यास साधारण १ ते २ नॅनोमीटर. एकात एक घातलेल्या अनेक नळ्यांची बहुपदरी नळी दहा, वीस, कधी पन्नास नॅनोमीटरची. नॅनोमीटर हा मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. माणसाचा केस ह्या हिशेबात साठ-ऐंशी हजार नॅनोमीटर जाड निघतो.

ह्या नळ्यांचं नाव जगभर झालं ते १९९१ मध्ये, जपानच्या सुमिओ इजिमा यांच्या शोधनिबंधामुळे. त्याच्या कितीतरी आधी, १९५२ मध्ये, राडुश्केविच आणि लुक्यानोविच या दोन सोव्हिएत शास्त्रज्ञांनी लोखंडाच्या कणांवर वाढलेल्या कार्बनच्या पोकळ तंतूंची छायाचित्रं छापली होती. लेख रशियन भाषेत, काळ शीतयुद्धाचा. बाहेर फारसा कुणी वाचला नाही.

आपल्या मुंबईतला धागा पवईचा. आयआयटीच्या रसायनशास्त्र विभागात महेश्वर शेरॉन आणि त्यांचे सहकारी कापराच्या मागे लागले होते. कापरापासून फुलरीन, म्हणजे फुटबॉलच्या आकाराचे कार्बनचे रेणू, मिळवल्याचा त्यांचा निबंध १९९४ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये आला. १९९९ मध्ये ह्याच गटाने बाजारात मिळणाऱ्या साध्या रॉकेलपासून कार्बनचे तंतू आणि नळ्या केल्या. शेरॉन यांच्याबरोबर काम केलेले मुकुल कुमार पुढे जपानात नागोयाच्या मेइजो विद्यापीठात गेले आणि तिथे योशिनोरी आंदो यांच्या साथीने त्यांनी कापरापासून नॅनोनळ्या वाढवण्याची पद्धत बसवली. २००३ च्या सुमारास त्यांचे निबंध आले. बाकीचं जग मिथेन, इथिलिन, ॲसिटिलिनचे सिलिंडर लावत होतं आणि इथे देव्हाऱ्यातली पांढरी वडी. मला ह्याचा अभिमान वाटतो, आणि थोडं हसूही येतं.

आता खरा प्रश्न. कापूर तबकात जळला तर काजळी होते आणि भट्टीत गेला तर नळी होते, असं का?

वडाळ्याच्या ट्रक टर्मिनसकडे गॅस वेल्डिंग चालतं तिथे क्षणभर उभं राहिलं तर निम्मं उत्तर मिळतं. वेल्डर आधी नुसतं ॲसिटिलिन सोडून पेटवतो. त्या पिवळ्या जाळातून काळे धागे तरंगत वर जातात आणि शर्टावर येऊन बसतात. मग तो ऑक्सिजनची चावी फिरवतो, ज्योत निळी होते, धागे बंद. हवा कमी पडली की कार्बन पुरता जळत नाही. अणू सापडेल त्या अणूला चिकटतात आणि गोळे होतात. काजळी म्हणजे शिस्त नसलेला कार्बन. त्याला शिस्त लावायची तर दोन गोष्टी हव्या. एक, हवा अजिबात नको. रेणू जळायला नको, उष्णतेने नुसता फुटायला हवा. दुसरी, सुटलेल्या अणूंना धरून ओळीत बसवणारं कुणीतरी हवं. ते काम धातूचा थेंब करतो.

थेंब म्हणजे लोखंड, निकेल किंवा कोबाल्टचा काही नॅनोमीटरचा कण. बहुतेक वेळा हेच तीन, कारण ह्यांना कार्बन घेणंही जमतं आणि सोडणंही. तापलेल्या लोखंडात कार्बन थोडाफार विरघळतो. पोलाद होतं ते त्यामुळेच. तांब्यात तो जवळजवळ विरघळतच नाही. टायटॅनियम कार्बनला इतकं घट्ट धरतं की परत देत नाही. लोखंड मात्र कार्बन घेतं, अंगात फिरू देतं आणि पोट भरलं की बाहेर टाकतं.

हा क्रम सावकाश पाहू. ७०० ते ९०० अंशांवर कापराचा रेणू थेंबाला येऊन आपटतो. धातू त्याचे बंध तोडतो, हायड्रोजन वायू होऊन निघून जातो, कार्बन थेंबावर उरतो. काही अणू आत मुरतात, काही पृष्ठभागावरूनच सरकतात. पोटातून किती आणि अंगावरून किती, यावर जाणकारांचे वाद आहेत. कार्बन येतच राहतो आणि थेंब संपृक्त होतो. साखरेचा पाक गार होताना कडेला खडे धरू लागतात, तशी ही अवस्था. जादा कार्बन पृष्ठभागावर षटकोनांची जाळी धरू लागतो.

धातूचा पत्रा सपाट आणि मोठा असता तर ती जाळी चादरीसारखी पसरली असती. पण थेंब इवलासा आहे. जाळीच्या कडेच्या अणूंचा एक हात मोकळा असतो, आणि कार्बनला मोकळा हात परवडत नाही. थेंबाच्या गोलाईवर जाळी टोपीसारखी बसते आणि कडेचे मोकळे हात खालच्या धातूला धरतात. मग कडेपाशी नवा अणू येतो, जाळीत बसतो, टोपी किंचित वर उचलली जाते. पुन्हा एक अणू, पुन्हा एक. टोपीखाली भिंत उभी राहते. ती नळी.

दिवाळीत शेव पाडताना सोऱ्याची ताटली बदलली की शेवेची जाडी बदलते. इथे ताटलीचं काम थेंब करतो: थेंब जेवढा, जवळजवळ तेवढी नळी. पण दाखला इथेच सोडावा. सोऱ्यात वरून दाबणारा हात असतो. इथे तसं कुणी नाही. कार्बनला वायूत राहण्यापेक्षा जाळीत बसणं सोयीचं पडतं, एवढंच. आणि ताटलीचं भोक ठरलेलं असतं, थेंब मात्र जिवंत असल्यासारखा आकार बदलतो. २००४ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीत मिथेन सोडून निकेलचा कण चालू कामात पाहिला. कार्बनच्या पदरांत तो लांबट ताणला जात होता आणि मग एकदम आखडून पुन्हा गोल होत होता. ताणला, आखडला, ताणला, आखडला.

आता जमीन. नवखे इथेच फसतात, आणि आम्हीही फसलो.

जमीन म्हणजे सिलिकॉनची आरशासारखी चकती, वेफर. तिच्यावर लोखंडाचा थर बसवायचा, जाडी साधारण १ नॅनोमीटर. म्हणजे अणूंचे चार-पाच थर. डोळ्यांना काही दिसत नाही, चकती होती तशीच चकचकते. हा थर भट्टीत हायड्रोजनमध्ये तापवला की अखंड राहत नाही. अळूच्या पानावर पाणी टाकलं तर पसरत नाही, मोती होतात. त्याच न्यायाने थर फुटून थेंब होतात, चौरस सेंटिमीटरभर जागेत अब्जावधी. थर जाड तर थेंब मोठे, थर पातळ तर थेंब लहान. नळीची जाडी ठरते ती इथे, कापूर आत जायच्या आधी.

पण लोखंड थेट सिलिकॉनवर ठेवलं तर दोघं उष्णतेत एकमेकांत मिसळतात आणि लोह-सिलिसाइड होतं. ते थेंबाचं काम करत नाही. बी जमिनीने गिळून टाकल्यासारखं होतं. म्हणून मध्ये अडसर लागतो. सिलिकॉनवर आधी ऑक्साइड, त्यावर अल्युमिनाचा दहा-वीस नॅनोमीटरचा थर आणि मग लोखंड. अल्युमिना आणखी एक उपकार करतं: थेंबांना जागेवर धरून ठेवतं. नाहीतर उष्णतेत थेंब सरकून एकमेकांत मिसळतात, शिवाय लहान थेंबाचे अणू निसटून मोठ्याला जाऊन मिळतात. लहान आटतो, मोठा फुगतो, आणि दहा मिनिटांत सगळा हिशेब बिघडतो.

आमच्याकडे थर बसवायचं यंत्र नव्हतं. एका ठिकाणाहून थर चढवलेल्या चकत्या आणल्या. नाव सांगण्यात अर्थ नाही. सलग तीन रन, म्हणजे भट्टीतले प्रयोग, झाले. पीएचडी करणारी मुलगी दर वेळी चिमट्याने चकती बाहेर काढायची आणि म्हणायची, "काका, पुन्हा कोरी!" थोडी करडी छटा सोडली तर काही नाही. गॅस बदलला, तापमान बदललं, प्रयोगशाळेच्या सरांनी मला भट्टीतल्या नळीचे सांधे दोनदा तपासायला लावले. शेवटी कळलं की अल्युमिनाचा थर दिलाच नव्हता. थर दिसतच नाही, तर नाही हे तरी दिसणार कसं?

त्यानंतर सरांनी कापराचा रस्ता धरला. त्यात लोखंड आधी बसवावंच लागत नाही, ते वाफेतून येतं. त्यासाठी फेरोसीन लागतं. ही नारिंगी पूड. तिच्या प्रत्येक रेणूत लोखंडाचा एक अणू कार्बनच्या दोन पाचकोनी कड्यांमध्ये धरलेला असतो. गंमत अशी की फेरोसीनला वास कापरासारखाच येतो. बाटली पहिल्यांदा उघडली तेव्हा मला तबकांची आठवण झाली. दोघांचा स्वभावही एक: तापवलं की वितळत बसण्याऐवजी सरळ वाफ होऊन उडतात. कुमार आणि आंदो यांनी नेमकं ह्याचा फायदा घेऊन क्वार्ट्झ आणि सिलिकॉनवर नळ्यांचे उभे ताटवे वाढवले होते.

आमचा रन असा चालायचा. मीटरभर लांबीची क्वार्ट्झची नळी, तिच्यावर दोन भट्ट्या शेजारी-शेजारी. पहिल्या भट्टीच्या जागी पोर्सेलीनच्या होडीत कापूर आणि चिमूटभर फेरोसीन, दुसऱ्या भट्टीच्या पोटात चकती. एका टोकाला आर्गॉनचा सिलिंडर, दुसऱ्या टोकाला बबलर आणि पुढे धूर ओढणारं कपाट (फ्यूम हूड). आधी अर्धा तास नुसता आर्गॉन, हवा हाकलायला. ह्या अर्ध्या तासात मुलांचा जीव वरखाली होतो, पण तो चुकवायचा नाही. आत ऑक्सिजन राहिला तर जे उगवेल तेच जळेल. मी बबलरचे बुडबुडे मोजायचो. तेवढ्यात चहा व्हायचा.

मग दुसरी भट्टी वर न्यायची, ८५०-९०० पर्यंत. ती स्थिर झाली की पहिली तापवायला घ्यायची, हळूहळू दोनशेच्या आसपास. कापूर १७५ अंशांपुढे वितळू लागतो आणि २०४ ला उकळतो, पण त्याच्या बऱ्याच आधीपासून उडत असतो. पहिली भट्टी घाईने तापवली तर सगळा माल एकदम पुढे जातो आणि चकतीवर काजळीचा राडा होतो. सावकाश तापवली तर फेरोसीन गरम भागात पोचताच फुटतं, लोखंडाचे कण चकतीवर आणि क्वार्ट्झच्या नळीच्या भिंतीवर बसतात, आणि त्याच वाफेतला कापूर त्यांना खाद्य पुरवतो. बी आणि खत एकाच मुठीत. पंधरा-वीस मिनिटं. बाहेरच्या गार टोकाला न फुटलेला कापूर पुन्हा पांढऱ्या स्फटिकांत जमतो आणि त्यावर तपकिरी डांबरट थर धरतो. तो खरवडायचं काम अर्थात माझंच.

मग भट्टी बंद, आर्गॉन चालू, आणि वाट. गरम असताना उघडायचं नाही.

चकती बाहेर आली ती काळी. तबकातली काजळीही काळीच, पण बोटाला लागणारी आणि तेलकट असते. हे काळं वेगळंच होतं, मखमलीसारखं; प्रकाश त्यात शिरायचा आणि परत यायचाच नाही. चिमट्याच्या टोकाने कोपरा खरवडला तर गालिचासारखा तुकडा उचलून आला, आणि साध्या सूक्ष्मदर्शीखाली त्याच्या कडेला उभ्या रेषा दिसल्या. सगळ्या नळ्या एका दिशेने उभ्या. एकटी नळी उभी राहत नाही, लवते, वेडीवाकडी पडते. पण खराट्याची एक काडी उभी राहत नाही आणि पुरा खराटा कोपऱ्यात टेकून राहतो, तसंच हे. दाटीमुळे बाजूला पडायला जागाच नाही, आणि शेजारच्या नळ्या एकमेकींना चिकटून धरतात. एवढी दाटी असून ह्या रानात नव्वद टक्क्यांहून जास्त पोकळीच असते. आत गेलेला प्रकाश त्या पोकळीत भरकटतो आणि शोषला जातो. इंग्लंडमधल्या एका कंपनीने २०१४ मध्ये ह्याच तत्त्वावर 'व्हँटाब्लॅक' नावाचा लेप आणला. पडलेल्या प्रकाशाचा ९९.९६ टक्के भाग तो गिळतो.

नळी वाढताना थेंब कुठे असतो? कधी बुडाशी, कधी टोकाला. जमिनीची धातूवरची पकड घट्ट असेल तर थेंब खाली राहतो आणि केस मुळापासून वाढावा तशी नळी वर सरकते. पकड सैल असेल तर नळी थेंबालाच उचलून डोक्यावर घेते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीच्या छायाचित्रांत हे ठिपके चक्क दिसतात. मला पहिला प्रकार जास्त नवलाचा वाटतो: खाद्य वरून येतं आणि वाढ बुडाशी होते, म्हणजे वायूला अख्ख्या रानातून वाट काढत खाली पोचावं लागतं.

आणि वाढ का थांबते? बहुधा थेंबाचं तोंड बुजतं म्हणून. कार्बन येण्याचा वेग जाळीत बसण्याच्या वेगापेक्षा जास्त झाला की उरलेला कार्बन थेंबावर वेडावाकडा साचतो. ज्यांनी वातीचा नाही, पंपाचा स्टोव्ह वापरला आहे त्यांना हे सांगायला नको. निपलच्या भोकात काजळी धरली की ज्योत एका बाजूला झुकते, फुरफुरते आणि विझते. मग पिन घालायची. कॉलनीत रॉकेलच्या रांगा असायच्या त्या काळात प्रत्येक घरात भिंतीला पिन टोचलेली असायची.

नॅनोनळ्यांना ही पिन सापडली २००४ मध्ये, जपानच्या त्सुकुबा इथे, केन्जी हाता यांच्या गटाला. ती पिन म्हणजे पाणी. इथिलिनच्या प्रवाहात पाण्याच्या वाफेचा अगदी नाममात्र अंश सोडला. एरवी पाणी आत आलं तर प्रयोग बिघडला असं धरतात. पण एवढीशी वाफ थेंबावरची बेशिस्त काजळी खरवडून काढत होती आणि नळीला हात लावत नव्हती. दहा मिनिटांत २.५ मिलिमीटर उंचीचं एकपदरी नळ्यांचं रान उभं राहिलं. म्हणजे दर सेकंदाला सुमारे ४००० नॅनोमीटर, आणि उंची जाडीच्या जवळजवळ दहा लाख पट. पाणी जरा जास्त झालं तर मात्र ते थेंबालाही बाधतं आणि नळीलाही. पिन जाड झाली तर निपल फाटतं, तसं.

इथे कापूर पुन्हा आठवतो. त्याच्या रेणूत कार्बनचे १० अणू, हायड्रोजनचे १६ आणि ऑक्सिजनचा १. हा एक ऑक्सिजन, कुमार आणि आंदो यांच्या म्हणण्यानुसार, साचणारी काजळी जाळत राहतो. इथिलिनला पिन बाहेरून द्यावी लागते. कापूर ती पदरात बांधून येतो. रेणूतली कार्बनची कडी षटकोन जुळवायला सोयीची पडते, असंही त्यांनी मांडलं आहे. पहिला मुद्दा मला पटतो. दुसऱ्याबद्दल मी जरा सावध आहे, कारण ९०० अंशांवर तापलेल्या धातूवर आपटलेल्या रेणूचा मूळ आकार कितपत शाबूत राहत असेल?

एक गोष्ट मात्र अजून कुणाच्या पूर्ण हातात आलेली नाही. एकपदरी नळीची जाळी कोणत्या कोनात गुंडाळली गेली, त्यावर ती धातूसारखी वीज वाहणार की अर्धवाहक होणार हे ठरतं. कोन मोकाट सोडले तर सुमारे एक तृतीयांश नळ्या धातूसारख्या आणि दोन तृतीयांश अर्धवाहक निघतात. ट्रान्झिस्टरसाठी सगळ्या एकाच जातीच्या हव्या असतात. थेंबाची जाडी सांभाळली की नळीची जाडी सांभाळते, पण कोन त्या पहिल्या टोपीत, वाढीच्या अगदी पहिल्या क्षणी ठरतो. बॅटरीच्या इलेक्ट्रोडमध्ये, प्लॅस्टिकमध्ये घालायला जात बघावी लागत नाही. तिथे ह्या नळ्या किलोने जातात. चिपमध्ये अजून नाही.

दर काही रननंतर क्वार्ट्झची नळी आतून काळीकुट्ट व्हायची. ती घासायची नसते. दोन्ही टोकं उघडी ठेवून, आर्गॉन बंद करून, भट्टी पुन्हा ८०० वर न्यायची. आता हवा आत येते आणि कार्बन जळून जातो, नळ्या आणि काजळी सगळंच. तासाभराने नळी पारदर्शक होते. फक्त मधल्या भागात तांबूस, गंजाचा पट्टा उरतो. ते लोखंड. त्याला हायड्रोक्लोरिक ॲसिड लागतं, आणि नंतर पाण्याने तीनदा धुवायची. ते काम मी शेवटपर्यंत कुणाला दिलं नाही.